लोकांच्या सीटा

रस्त्यानं कुणी सायकलवरून जाताना दिसलं की आपण त्याचं तोंड बघतो. ओळखीचा निघाला तर हात करतो, नाहीतर सोडून देतो. आमचे वकीलकाका गुडघे बघायचे. गुडघे बघून त्यांचं समाधान झालं तर ठीक. पण ते सहसा होत नसे, आणि मग त्या सायकलवाल्याची काही धडगत नसे.

“मियाँ, जरा ठैरो,” म्हणत काळ्या शेरवानीतला हा उंच, काटकुळा माणूस भर रस्त्यात आडवा यायचा. “सीट बहुत नीची है तुम्हारी. घुटने जाएँगे.” तो बिचारा “नक्को साब, देर होरी,” म्हणून सटकायला बघायचा, तोवर काकांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून पाना काढलेला असायचा. आमचा दूधवाला तेलुगू. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून यायचा. त्यानं “वद्दु सार, वद्दु” म्हणत हात जोडले, तरी काकांनी त्याचे कॅन उतरवून ओट्यावर ठेवले आणि सीट वर करूनच त्याला सोडला. त्या दिवशी सगळ्या गल्लीचा चहा उशिरा झाला. बायका काकूंना बोलल्या, काकू काकांना बोलल्या, आणि काका म्हणाले, “पण आता बघ तो कसा चालवतो. बघ तर खरं!”

हैदराबादच्या काचीगुड्यात, स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यात कारकून होते. आम्ही मूळचे नांदेडकडचे, शेती करणाऱ्या घरातले. वकीलकाका पिढ्यान्‌पिढ्या शहरातले. आजोबा सरकारी नोकरीत, वडील सरकारी नोकरीत, शाळा-कॉलेज सगळं उर्दूत. घरी मराठी बोलायचे खरे, पण ती कशी? विरजण हवं असलं तर मला म्हणायचे, “बेटा, आईंना अर्ज कर, थोडं विरजण इनायत करा म्हणावं.” आई आतून विचारायची, “विरजण देऊ का जहागीर देऊ?”

काकू मात्र रोखठोक. शेरवानीच्या खिशाला पान्याचे तेलकट डाग पडायचे, अस्तर फाटायचं, आणि ते शिवता शिवता त्यांचं तोंड चालू असायचं. “लोकांच्या सीटा वर-खाली करत हिंडता. घरातली मोरी तुंबली, ती दिसंना तुम्हाला!” काका शांतपणे म्हणायचे, “मोरीला गुडघे नसतात.”

आता एवढं सगळं होतं, तर त्यांचं शास्त्र काय होतं, तेही सांगते. सायकल भिंतीला लावायची. माणसाला वर बसवायचं. एक पायडल अगदी खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायला लावायची. चवडा नाही, टाच. टाच ठेवल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलता कामा नये. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो, आणि तेच पाहिजे. गुडघा फार वाकला तर सीट खाली आहे, बसणारा डावी-उजवीकडं डुलायला लागला तर वर आहे. “गुडघा हा गवाह आहे, बेटा,” ते म्हणायचे, “आणि मी आयुष्यभर गवाह पाहिले. एवढा सच्चा एकही नाही.” मग सीटवर पाटी ठेवून तिच्यावर गोटी सोडायची. गोटी पुढं घरंगळली तर सीट पुढं झुकलेली, मनगटं दुखणार. मागं गेली तर पाठ दुखणार. शेवटी बोल्ट आवळायचा, सीट दोन्ही हातांनी धरून पिळून बघायची, हलली तर पुन्हा आवळायचा. आणि सगळ्यात मोठा कायदा हा की सीटखालची नळी कितीही वर काढा, मूठभर नळी सायकलीच्या आतच राहिली पाहिजे. हे सांगताना ते मूठ वळून दाखवायचे आणि आवाज खाली आणायचे. “एवढी आत नसली तर ती सीट नव्हे, बेटा. ती दगाबाजी.”

या नादापायी त्यांनी एक खटला घालवला, तो किस्सा काकू आल्या-गेल्याला सांगायच्या. विरुद्ध बाजूचा एक साक्षीदार लांबच्या गावाहून सायकल हाणत आला होता. कोर्टाच्या आवारात तो फेंगडा चालताना काकांना दिसला. झालं! कोर्ट बसायच्या आधी लिंबाखाली त्याची सायकल उभी करून काकांनी सीट सरळ केली, उंची लावली, एक चक्कर मारायला लावली, वर चहा पाजला. मग साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला तो असा ताजातवाना, की काकांच्या उलटतपासणीत तसूभरही हलला नाही. काकांचा अशील बाहेर आल्यावर रडकुंडीला आला. “वकीलसाहेब, अहो त्याला दमलेलाच राहू द्यायचा होता की!” त्यावर काका म्हणाले, “तुमचं खरं आहे. पण त्याला परत पण जायचं होतं ना.”

अशा माणसाकडं खटले टिकतील कसे? त्यात कोर्टाचा कारभार उर्दूतून इंग्रजीत चालला होता. काका इंग्रजी वाचायचे, पण त्यात भांडता येत नाही म्हणायचे. घरी बसायचे दिवस वाढले आणि रस्त्यावरच्या सायकली जास्त दिसू लागल्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काका आणि अप्पा यांच्यात अदब फार. हैदराबादी रीतच ती. शहरात राहून अप्पांनाही ती लागली होती. दोघं एकाच वेळी दाराशी आले तर “आपण आधी,” “छे छे, आपण,” असं चालायचं, आणि मागं आम्ही पोरं घागरी घेऊन खोळंबलेलो. आई कपाळाला हात लावायची. इतक्या वर्षांत एकानं दुसऱ्याला कधी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकमेकांचं पटलं नाही तर दोघंही “वा, क्या बात है” म्हणायचे आणि घरात जाऊन आपल्याला हवं ते करायचे.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. हैदराबाद स्टेटचे तीन तुकडे; मराठी मुलूख मुंबईकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू आंध्राकडं. कचेऱ्यांतली माणसंही वाटली गेली, आणि अप्पांना औरंगाबादचा हुकूम आला. घरात सगळे खूश. आपली भाषा, आपली माणसं. आई तर नव्या घरी तुळस कुठं ठेवायची ते ठरवायला लागली. मी एकटी जिन्यात बसून रडायची. कोठी भागातल्या मुलींच्या कॉलेजात माझं शेवटचं वर्ष चालू होतं. विषय होता रसायन, आणि त्याची सोय तिकडं नव्हती. औरंगाबादला जायचं म्हणजे शिक्षण संपलं. आणि शिक्षण संपलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. नांदेडचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं होतं. मुलगा चांगला होता, त्याचा काही दोष नाही. पण मला शिकायचं होतं हो! फार शिकायचं होतं.

काकू म्हणाल्या, “पोरगी आमच्याकडं राहील. माझ्या लेकीची खोली रिकामीच आहे.” अप्पांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. “राहील खरी. पण जाईल-येईल कशी? प्रयोग संपेपर्यंत संध्याकाळ होते. बस भरून येते, थांबत नाही. आता मी न्यायला जातो. नंतर कोण जाणार?”

“सायकलवर जाईल,” काका एकदम बोलले. आणि अप्पांच्या तोंडून सवयीनं निघालं, “वा, क्या बात है.”

माघार कशी घेणार? शेवटी अप्पांनी अट घातली. निघायच्या आधीच्या रविवारी मी घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत सायकलवर जायचं आणि परत यायचं. अप्पा त्यांच्या सायकलवर मागं राहणार. नीट गेले-आले तर हैदराबाद, नाहीतर औरंगाबाद. आणि मला तर सायकल येतच नव्हती.

काकांच्या लेकीची सायकल होती, बायकांची, मागच्या चाकाला जाळी लावलेली. लेक लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ती भिंतीला टेकून उभी होती. स्टेशनपलीकडच्या मैदानात रोज सकाळी काका मला घेऊन जायला लागले. शिकवताना त्यांनी सीट अगदी खाली केली. “शिकणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. भीती गेली की मग वर.” मी पडले, उठले, साडी चेनमध्ये अडकवली, एकदा बोरं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत गेले. काका छत्री घेऊन बाजूनं झपाझप चालायचे आणि म्हणायचे, “बहुत खूब,” मी कुठंही गेले तरी. मला तोल सापडला तशी ते सीट थोडी थोडी वर करायला लागले, मला न सांगता. एका सकाळी थांबले तर फक्त चवडे टेकले. मी किंचाळले. “काका, पाय पोचंनात!” ते खुशीत म्हणाले, “हौ. आता चढावर बघ.” आणि खरंच, त्या दिवशी पहिल्यांदा मांड्या भरून आल्या नाहीत. पायडल मारावं आणि सायकलनं निघावं, असं हलकं वाटलं. मला इतका आनंद झाला की मी मैदानाला एक फेरी जास्तीची मारली.

ते अप्पांनी बघितलं. काकांना काही बोलले नाहीत, बोलणार कसे? पण संध्याकाळी काका फिरायला गेल्यावर अप्पांनी कचेरीच्या शिपायाकडून आणलेला पाना काढला आणि सीट खाली केली. “पोरीचे पाय जमिनीला पाहिजेत,” ते आईला म्हणाले, “गाडी-घोडा मधे आला तर काय हवेत लटकणार?” दुसऱ्या सकाळी काकांनी बघितलं, काही न बोलता सीट वर केली. संध्याकाळी अप्पांनी खाली केली. हे असं चाललं! समोरासमोर आले की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी, पावसाची चौकशी. सीटचा शब्द नाही. सकाळी मी वर, संध्याकाळी मी खाली. आईला म्हटलं, “अगं, तू तरी सांग कुणाला.” ती म्हणाली, “ते दोघं एकमेकांना ‘नाही’ म्हणतील त्या दिवशी मी साखर वाटीन.”

शनिवारी सगळं सामान बांधून झालं. त्या गडबडीत मैदानात जाणं झालं नाही, आणि सीट अप्पांनी आदल्या संध्याकाळी खाली केलेली तशीच राहिली. त्या शनिवारी काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. अप्पांना वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या घरात राहिलो, पोरीसाठी तो उन्हात पळाला, आणि आपण त्याचं केलेलं रोज मोडतो. जायच्या आधी त्याच्या मनासारखं एकदा तरी होऊ दे. म्हणून त्यांनी स्वतःच सीट वर केली. किती वर ते त्यांना ठाऊक नव्हतं. कमी पडायला नको, म्हणून भरपूर केली. आणि नेमकं त्याच शनिवारी काकांनाही वाईट वाटलं. बाप तो बाप. त्याच्या लेकीच्या परीक्षेच्या दिवशी तरी त्यानं लावलेल्या सीटला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी काका सायकलीपाशी आले आणि चक्क तोंड फिरवून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं एक सीट बघितली नाही!

मी बसले आणि पाय पायडलला जेमतेम लागला. मला वाटलं काकांनी शेवटच्या दिवसाची म्हणून जास्त वर केली असेल. काकांनी मला डुलताना बघितलं. त्यांचे ओठ हलले, असं काकू सांगत. पण त्यांना वाटलं ही अप्पांची मर्जी. अप्पांना वाटलं, हेच ते काकांचं शास्त्र. अख्खी गल्ली दारात उभी होती. मी निघाले. अप्पा मागं आणि त्यांच्यामागं, न राहवून, काका आपल्या सायकलवर.

चौकापर्यंत गेले. एका टांग्याला वाट द्यायला हँडल वळवलं, अंग एका बाजूला गेलं, आणि खालून कर्र असा आवाज झाला. सीट नळीसकट बाहेर आली. मी रस्त्यावर आणि सीट माझ्या मांडीवर. कोपर सोललं होतं, साडीला भोक पडलं होतं. टांगेवाला घोड्याला शिव्या देत थांबला. लोक जमले.

अप्पा आपली सायकल टाकून धावत आले. मला उठवून कोपर बघितलं आणि म्हणाले, “झालं तेवढं पुरे, बाळा. चल घरी. तू येतेस आमच्याबरोबर.”

रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात काका पुढं आले. सीटची नळी हातात घेतली, तिच्यावरचा पुसट ओरखडा बघितला, नळी जेमतेम बोटभरच आत राहिली होती, आणि हात कपाळाला लावला. “कसूर माझा आहे, रावसाहेब. मी बघायला पाहिजे होतं.”

“छे छे, वकीलसाहेब. वर मी केली. कसूर माझा.”

“आपण कशाला? मी शिकवलं.”

“बाप मी आहे.”

“नाही, असं कसं, गुन्हेगार मी...”

काय सांगू तुम्हाला! भर चौकात, टांगा अडलेला, माझ्या कोपरातून रक्त येतंय, माझं आयुष्य पणाला लागलेलं, आणि हे दोघं ‘आपण आधी’ करत कसूर वाटून घेत होते. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “बस्स! दोघंही गप्प बसा!” अप्पांना असं मी कधी बोलले नव्हते. मी काकांपुढं हात पसरला. “पाना द्या.”

त्यांनी दिला. सायकल पानाच्या दुकानाच्या भिंतीला लावली. नळी आत घातली, मूठ लावून बघितली. वर बसले, टाच पायडलवर ठेवली, उतरले, थोडी खाली केली, पुन्हा बसले. सगळा बाजार बघत होता, बघू दे. गोटी नव्हती, तर नजरेनं सरळ केली. मग बोल्ट आवळायला घेतला. अप्पा धरायला पुढं झाले, तर म्हटलं, “लांब राहा.” काकांकडं तर मी बघितलंच नाही. दोन्ही हातांनी सीट पिळली. हलली नाही. पदर कोपराला गुंडाळला आणि निघाले. मागं कोण येतंय, येतंय का नाही, बघितलंच नाही.

कोठीकडचा चढ चढले. रविवार होता तरी पुस्तकांच्या दुकानांपुढं गर्दी होती. तिच्यातून वाट काढत कॉलेजच्या फाटकाला हात लावला आणि वळले. येताना उतारावर वारा लागला तेव्हा कुठं मला रडू आलं. खूप आलं. रडत रडतच घरी पोचले.

दारात आई, काकू, शेजारी. मागून अप्पा आले, त्यांच्यामागून काका, धापा टाकत. अप्पा सायकलीपाशी गेले, सीटवर हात ठेवला. मग काकांकडं वळून त्यांनी विचारलं, “वकीलसाहेब, अदब राहू द्या बाजूला. पोर मी तुमच्या भरवशावर ठेवणार. खरं सांगा. हिनं लावलेली सीट बरोबर आहे?”

काकांनी सीट बघितली. मग माझे गुडघे. मला आता कळत होतं. अख्ख्या रस्त्यात मला जाणवलं होतं. सीट एक बोट खाली होती. ज्यानं दूधवाल्याचे कॅन उतरवले, हातातला खटला घालवला, त्याच्यासाठी एक बोट म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात आपोआप खिशाकडं गेला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

हात तिथंच थांबला. मग काकांनी तो खाली घेतला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणाले, “अगदी बरोबर आहे. मी असतो तर अशीच लावली असती.” बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

अप्पांनी सीटवरचा हात काढला. मग आईला म्हणाले, “हिची वळकटी गाडीत टाकू नको. आत नेऊन ठेव.”